एकावेळी एकच धर, भावा

तुझी नव्या सवयींची यादी वाचली. पहाटे पाचला उठणं, दहा किलोमीटर पळणं, साखर बंद, मोबाईल बंद, आणि सगळं सोमवारपासून! माझंही असंच झालेलं. नवव्या दिवशी पाहुण्यांकडं तांबडा-पांढरा झाला, झोपायला एक वाजला. सकाळी गजर बंद केला तो बंदच राहिला.

मग एकच धरलं, रंकाळ्यावर चालायचं. तेही दहाच मिनिटं. खरी करामत बुटांची. रात्रीच दाराजवळ काढून, मोजे आत कोंबून ठेवायचे. सकाळी दुधाला खाली उतरावंच लागतं, तेव्हा चपलेऐवजी बूट. दूध काही चुकत नाही, चालणं त्याच्या शेपटाला बांधलं. जुलैत इथला पाऊस कुणाचं ऐकत नाही, तेव्हा जिन्यातच चढउतार.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, त्यावर जाऊ नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला. सरासरी ६६ दिवस निघाले, माणसागणिक अंदाज मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी बूट घाल.

नोंदीला भिंतीवरचं कॅलेंडर बास. मी तीन ॲपं बदलली, चालण्यापेक्षा ॲपच बघत बसलो. आणि झोप, चहा, जेवण एकदम बदललंस तर गुण कशाचा आला ते कळणार कसं?

रविवारची मिसळ मात्र सोडू नको. मी सोडून बघितली, पुढच्याच आठवड्यात बूट माळ्यावर गेले.