कारखान्यातला व्यसनमुक्ती कार्यक्रम खरंच उपयोगी पडला का, हे कसं मोजायचं?

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या तुमच्या 400 कामगारांच्या कारखान्यात वर्षभर व्यसनमुक्तीची भाषणं झाली आणि त्याचा उपयोग काय झाला, हे आता साहेबांना दाखवायचंय. भाषणं किती झाली, किती जण बसले, हे दाखवू नका. त्यातून पिणं कमी झालं का, ते कळत नाही.

आधी हजेरीपट काढा. 400 माणसं, 26 दिवस, म्हणजे महिन्याला 10,400 हजेऱ्या. त्यातल्या न सांगता मारलेल्या दांड्या किती, ते टक्क्यांत काढा. पगार 7 तारखेला होत असेल तर 8 आणि 9 च्या दांड्या वेगळ्या मोजा. यंदाचा मे मागच्या मे महिन्याशीच ताडा. आपल्याकडे तेव्हा ऊन आणि लग्नं दोन्ही असतात. ठेकेदाराची माणसंही धरा.

मग जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही 10 प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. 40 पैकी 8 किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याचं. सुरुवातीला भरून घेतली नसेल, तर आजचा आकडा पाया धरा आणि गेल्या वर्षाबद्दल फक्त हजेरीवरूनच बोला. कागदावर नाव नको. आई-वडिलांच्या नावांची पहिली अक्षरं आणि जन्मतारीख एवढी खूण पुरे. पुढच्या वर्षी तिच्यावरूनच कागद जुळवा, कारण जास्त पिणारे नोकरी सोडून गेले की सरासरी आपोआप उतरते. कागद सुपरवायझरच्या हाती गेला, तर सगळेच "घेत नाही" लिहितील.

गेटवरच्या ब्रेथ ॲनालायझरमध्ये सापडणारे घटले, तर त्याच महिन्याच्या दांड्या शेजारी मांडा. प्यायलेला माणूस गेटवर न येता घरीच थांबतो.

नागपुरात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, वगळून हिशेब पुरा होत नाही. महिन्यातून ठरलेले दोन दिवस, तिन्ही पाळ्यांनंतर, शेडमागच्या डब्यातल्या खर्र्याच्या पन्न्या मोजा. मध्येच गेटवर झडती सुरू केलीत, तर पन्न्या बाहेर पडतील आणि मोजणी बाद होईल.

उपचाराला गेलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती टिकले, तेही पाहा. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांना पिणाऱ्यांतच धरा. आणि रोज पिणाऱ्याकडून "उद्यापासून बंद" अशी शपथ कृपा करून घेऊ नका. अचानक थांबवलं की दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवा, आणि त्यापायी नोकरी जाणार नाही, हे साहेबांकडून लेखी घ्या.