पाटी बदलण्याआधी

प्रिय मित्रा,

मोबाइल स्टार्टरची, म्हणजे ॲपवरून विहिरीची मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीची, विक्री बसली म्हणून कंपनीचं नाव, लोगो सगळंच नवं करायचं तू म्हणतोस. आधी विक्री का बसली ते बघ. जालन्याच्या मोंढ्यातला डीलर लोगो आवडत नाही म्हणून माल परत करत नाही. एक फेज गेल्यावर स्टार्टर ट्रिप होत नाही, मोटार जळते आणि शेतकरी रिवाइंडिंगचं बिल घेऊन डीलरच्याच दुकानात येतो. गेल्या रब्बीतल्या तक्रारींची वही काढ. प्रत्येकीपुढं लिही: बिघाड, सर्व्हिसला उशीर, किंमत की नाव. 'नाव' क्वचितच आलं, तर तोच पैसा फेज सेन्सिंगवर (फेज गेल्याचं ओळखण्यावर) आणि डीलरकडं सुटे बोर्ड ठेवण्यावर घाल.

रिसर्च इन मोशननं जानेवारी 2013 मध्ये ब्लॅकबेरी हे फोनचं गाजलेलं नाव कंपनीला दिलं. पण ॲप बनवणारे आणि ग्राहक आयफोन-अँड्रॉइडकडं वळले होते. 2016 मध्ये स्वतः फोन बनवणं थांबवायचं कंपनीनं जाहीर केलं.

नाव बदलणं कधी योग्य? दुसऱ्याच्या नावाशी घोळ होत असेल तेव्हा, किंवा नावात 'स्टार्टर' आणि विकतोस ठिबकचं ऑटोमेशन, तेव्हा.

मग मात्र नीट कर. ट्रेडमार्कचा शोध आधी, छपाई नंतर. ट्रेडमार्कच्या नोंदणीत ॲप वर्ग 9 मध्ये, सॉफ्टवेअर सेवा 42 मध्ये. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि लेटरहेडवर, बिलावर जुनं नाव दोन वर्षं नव्यासोबत छापावं लागतं. वेबसाइटचं प्रत्येक जुनं पान त्याच्याच नव्या पानाकडं 301 नं (पान कायमचं हलल्याच्या संकेतानं) वळव. सगळी पानं होमपेजवर ढकलली की गुगलमधली जागा जाते. प्ले स्टोअरवर ॲपचं नाव बदल, पण नवं ॲप टाकू नकोस. पॅकेज आयडी (स्टोअरमधली ॲपची कायमची ओळख) बदलला की जुने युजर आणि रेटिंग दोन्ही मागं राहतात.

सगळ्यात मोठा धोका शेतात आहे. विहिरीवर बसलेल्या स्टार्टरच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्राममध्ये) जुन्या सर्व्हरचा पत्ता असतो. ते डोमेन (पत्त्यातलं इंटरनेटवरचं नाव) बंद पडलं, तर ऐन पाण्याच्या पाळीत स्टार्टर ॲपला उत्तर देणार नाही आणि रात्रीच्या लाइटीला माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जाईल. जुनं डोमेन शेवटचं युनिट चालू असेपर्यंत सोडू नकोस.

बदल पावसाळ्यात कर, तेव्हा मोटारी कमी चालतात. आणि डीलरकडं जुन्या खोक्यातला माल असेल, त्याची वॉरंटी नव्या नावानं चालेल हे त्यांना आधी लेखी दे.

तुझा हितचिंतक