तीच ओळ, दुसऱ्यांदा

रामबाग, इंदूर
रात्रीचे साडेअकरा

अगं,

तुझी चारही गाणी ऐकली. आधी हेडफोन लावून, मग समोरच्या खोलीतल्या जुन्या स्पीकरवर. दुसऱ्या वेळी काकू कणीक मळता मळता बाहेर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘आवाज गोड आहे पोरीचा, पण ती गातेय कुठून? जिन्याखालून?’

मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवलेस त्यात, काय कमी पडतंय, असं तू विचारलंयस. कमी काहीच नाही. पुन्हा पुन्हा फिरणारा ड्रमचा लूप आहे, मागे भरून राहणारा पॅडचा सूर आहे, व्हायोलिनसारखं काहीतरी आहे, तिसऱ्या गाण्यात तर मधेच बासरी येऊन जाते. आणि या सगळ्यांच्या मागे तू रिव्हर्बची, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टची, रजई डोक्यावरून घेऊन बसली आहेस.

मला हे चांगलं ओळखीचं आहे, म्हणून रागावत नाही. १९९९ साली मी सहा मराठी गाण्यांची कॅसेट करायला घेतली होती. इथल्याच एका स्टुडिओत. (नाव नको, माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात.) तिथल्या रेकॉर्डिस्टनं माझ्या आवाजावर इतका इको ओतला की मी एकदा ‘रे’ म्हटलं की पुढची ओळ सुरू होईपर्यंत ‘रे रे रे’ चालूच. मी अवाक्षर काढलं नाही. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. माझा आवाज बारीक, वर गेला की चिरकायचा. झाकला गेला तर बरंच की. घरी येऊन आईला ऐकवलं. दोन गाणी तिनं मुकाट्यानं ऐकली आणि विचारलं, ‘विहिरीत उतरून गायलास का रे?’ पन्नास प्रती काढल्या होत्या. त्यातल्या एकतीस अजून माळ्यावर आहेत.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ताईचा मुलगा अमेरिकेतून सुट्टीला आला. त्याच्या सीडीच्या पिशवीत एलियट स्मिथ या अमेरिकन गायकाचा ‘आयदर/ऑर’ हा अल्बम होता. तेव्हापासून वर्षातून चार-पाच वेळा तरी मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. बारा गाणी, जेमतेम ३७ मिनिटं. तूही ऐक. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी नको, एका बैठकीत. २०१७ साली त्याची विसाव्या वर्षाची वाढीव आवृत्ती निघाली, तिच्यात पुढे बरीच भर घातली आहे; तू बाराव्या गाण्याला थांब.

हा माणूस अमेरिकेच्या वायव्येकडच्या पोर्टलंड शहरातला. तिथे हीटमायझर नावाच्या रॉक बँडमध्ये होता. इलेक्ट्रिक गिटारी, दणदणीत ड्रम, सगळं जोरात. त्याच काळात तो घरी बसून अकूस्टिक गिटारवर ही दबक्या आवाजातली गाणी करत होता. ‘आयदर/ऑर’ हा त्याचा एकट्याच्या नावावरचा तिसरा अल्बम, फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘किल रॉक स्टार्स’ या छोट्या कंपनीनं काढला. कंपनीचं नाव बघ, आणि आतला आवाज ऐक! बरीचशी गाणी त्यानं स्वतःच्या आणि मित्रांच्या घरांत रेकॉर्ड केली, वाद्यंही जवळजवळ सगळी स्वतःच वाजवली. अल्बमचं नाव कीर्केगार्ड या डॅनिश तत्त्वज्ञाच्या १८४३ सालच्या ग्रंथावरून घेतलेलं आहे. त्याच्या वाटेला मी अजून गेलेलो नाही, आणि अल्बमला त्यानं काही अडत नाही.

आता मुद्द्यावर. ‘बिटवीन द बार्स’ लाव. चौथं गाणं. गिटार आणि आवाज, बस. चाल आपल्या दादऱ्यासारखी झुलणारी, गाणं अडीच मिनिटांच्या आत खलास. पहिल्यांदा तुला वाटेल, कुणीतरी कुणाला मायेनं थोपटतंय: बस, पी अजून थोडी, बाकीचं मी बघतो. दुसऱ्यांदा ऐकलंस की शंका येईल की हे बोलतंय कोण? पुष्कळ जणांना वाटतं, तो आवाज दारूचाच आहे. मलाही तसंच वाटतं. नावातला ‘बार’ म्हणजे गुत्ता, तुरुंगाचे गजही, आणि पाश्चात्त्य संगीतात मात्रांच्या खंडालाही बारच म्हणतात. आता हेच गाणं कुणी छाती फुगवून गायलं असतं तर? दारूबंदीचं पथनाट्य झालं असतं. हळू आवाजात म्हटल्यामुळेच ते कानात शिरतं आणि मग बाहेर निघत नाही.

पण तुला ते वेगळ्याच कारणासाठी ऐकवतोय. हेडफोन लाव आणि आवाजाकडे लक्ष दे. तो एकटा नाहीये. दोन एलियट गातायत. तीच ओळ त्यानं दोनदा गाऊन एकावर एक ठेवली आहे. याला डबल ट्रॅकिंग म्हणतात. जुनी युक्ती आहे, बीटल्सनी भरपूर वापरली. त्यांच्यातल्या जॉन लेननला तेच तेच पुन्हा गायचा इतका कंटाळा की १९६६ मध्ये अॅबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंड नावाच्या इंजिनिअरनं त्यासाठी टेप मशिनची जोडणीच करून दिली, आपोआप दुसरा आवाज काढणारी. एलियट बीटल्सचा परमभक्त, पण या बाबतीत लेननपेक्षा कष्टाळू. खरोखर दोनदा गायचा. गिटारही पुष्कळदा दोनदा.

तू म्हणशील, काका, मी ट्रॅक कॉपी करून खाली पेस्ट करते की. करून बघ. आवाज फक्त ६ डेसिबलनं मोठा होईल, दुसरं काही नाही, कारण दोन्ही लहरी तंतोतंत एकच. मग तू दुसरा ट्रॅक जरासा पुढे सरकवशील, तर पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं होईल. खरी मजा माणसाच्या चुकीत आहे. दुसऱ्यांदा गाताना ‘आ’ केसभर उशिरा उघडतो, मींड जराशी वेगळी उतरते, श्वास वेगळ्या जागी तुटतो. मैफलीत गवयामागे दोन तानपुरे का असतात, आठव. एकाच सुरात लावलेले असतात, पण दोन्हींच्या तारा कधी बरोबर एका क्षणी छेडल्या जात नाहीत, म्हणून तर सूर भरून राहतो. तसंच हे. (अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून हळू गाण्याची महती परदेशी माणसाकडून सांगावी लागतेय, हे मला कळतंय. पण खाँसाहेबांचा झूमरा तालातला अतिविलंबित ख्याल ऐकवला असता तर तू घाबरून गिटारच विकली असतीस.)

आता यातली एक गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःशी घोळवतोय, ती तुला सांगतो. एलियटला स्वतःचा एकटा आवाज आवडत असेल असं मला वाटत नाही. म्हणजे झाकणं त्यानंही केलं, तुझ्यासारखं, माझ्यासारखं. फक्त तो झाकला स्वतःच्याच आवाजानं. आणि त्यासाठी त्याला पहिला टेक, म्हणजे पहिल्यांदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग, इतका पक्का बसवावा लागला की त्यावर दुसरा जसाच्या तसा बसेल. जी ओळ तुला अजून नीट ठाऊक नाही, ती दोनदा सारखी गाता येत नाही. रिव्हर्ब सगळं पोटात घालतो. दुसरा टेक मात्र लगेच चुगली करतो.

तुझ्या दुसऱ्या गाण्यातली ओळ घे: ‘सराफ्यात शेवटचं दुकान बंद होतं’. सुरेख ओळ आहे, चारांतली सगळ्यात चांगली. पण ही ओळ दोनदा गाऊन ठेवलीस की स, श आणि च तीन ठिकाणी दुहेरी फुटतील, कढईत फोडणी टाकल्यासारखे. त्याला उपाय असा की दुसऱ्या टेकमध्ये हे वर्ण जवळजवळ गिळायचे. ‘सराफ्यात’मधला ‘स’ नुसता सूचित करायचा, ‘शेवटचं’चा ‘च’ सोडून द्यायचा, स्वर तेवढे गायचे. एकटा ऐकलास तर तो टेक बोबडा वाटेल. वाटू दे. पहिल्याच्या खाली, थोडा दबून, ठेवलास की कुणाला पत्ता लागत नाही. तसाच ‘भ’ आणि ‘फ’. तोंडासमोर माइक सरळ धरलास तर धप्प करून हवा आदळते. माइक ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, चार बोटांवर, जरा तिरका ठेव. इतक्या जवळून खर्ज आपोआप वाढतो. तुझ्या बारीक आवाजाला त्याची गरजच आहे, त्यासाठी इक्वलायझर नको पिळायला.

ड्रम काढून टाक असं मात्र मी म्हणत नाहीये. त्या अल्बममध्ये ड्रम आहेत, ‘क्युपिड्स ट्रिक’मध्ये तर चांगला गोंधळ आहे. पण वाद्यं वाढली म्हणून गाणारा ओरडायला लागत नाही. शेवटच्या ‘से येस’मध्ये पुन्हा गिटार आणि आवाज एवढंच उरतं, आणि ३५ मिनिटं ऐकल्यावर तेवढं पुरतं.

शब्दांबद्दल एक तक्रार आहे. पहिल्या गाण्यात समुद्र आहे, चौथ्यातही आहे. बाळ, इंदुरात समुद्र कुठून आणलास? आपल्याकडे खान नदी आहे, आणि तिच्या काठी बसून प्रेमगीत सुचल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. घरी तू ‘मी येऊन राहिलेय’ म्हणतेस आणि गाण्यात एकदम सदाशिव पेठेत जाऊन बसतेस. एलियटच्या ‘अलामेडा’ गाण्यात त्याच्या शहरातला रस्ता आहे, नावासकट. ‘रोज परेड’मध्ये गावाची दरवर्षीची मिरवणूक आहे, आणि हा तिथे उभा, मन न लागलेला, जरासा कुत्सित. मला ते ऐकताना दर वेळी आपली रंगपंचमीची गेर आठवते. लाखभर माणसं राजवाड्यावर नाचतायत, टँकरमधून रंग उडतोय, आणि एखादी मुलगी गर्दीच्या कडेला ओल्या चपलेनं उभी आहे, तिला घरी जायचंय. हे गाणं अजून कुणी लिहिलेलं नाही. मी लिहिलं असतं, पण मला गेर आवडते.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहितोच. याच अल्बममधली तीन गाणी ‘गुड विल हंटिंग’ या सिनेमात घेतली गेली, शिवाय त्या सिनेमासाठी दिलेल्या ‘मिस मिझरी’ला ऑस्करचं नामांकन मिळालं. मार्च १९९८ मध्ये हा माणूस पांढरा सूट घालून त्या अवाढव्य मंचावर गिटार घेऊन उभा राहिला आणि तिथेही तसाच गायला, कानाशी बोलल्यासारखा. बक्षीस ‘टायटॅनिक’च्या गाण्याला गेलं. नंतरची वर्षं वाईट गेली, दारू आणि नशेपायी. २१ ऑक्टोबर २००३ ला तो वारला, वय ३४. तुझ्या वयाच्या पोरांमध्ये एक समजूत असते की गाणं खोल व्हायचं तर गाणाऱ्यानं बुडायला हवं. ‘आयदर/ऑर’ उभा आहे तो तासन्‌तास तीच ओळ दोनदा, तिनदा गाणाऱ्या माणसाच्या चिकाटीवर. तुझी आई सांगत होती, हल्ली रात्रभर जागी असतेस. रेकॉर्डिंगसाठी जागतेस तर ठीक. नुसतीच जागत असशील तर मला फोन कर, गाण्याचं काही बोलायचं नसलं तरी.

बाकी किरकोळ. सकाळी घेतलेला टेक दाखवलास त्यात १ मिनिट ४० सेकंदांवर कचरागाडीचं गाणं येतं. शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं त्याची किंमत आहे ही. तू रात्री अकरानंतर घेत जा. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गा, दोन गाद्या मागे उभ्या कर. माइक बदलू नकोस, आहे तो उत्तम आहे. आणि गिटारच्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नव्या चढवल्यास ना? प्रत्येक बोट सरकताना किंचाळतायत. दोन-तीन आठवडे वाजलेल्या तारा मऊ बोलतात.

रविवारी ये. समोरची पिठाची गिरणी एक ते चार बंद असते, तेवढ्यात ‘सराफ्यात’चे दोन्ही टेक होतील. लूप आणू नकोस, फक्त गिटार आण. काकू म्हणतेय, जेवायलाच ये. पण आधी गाऊन घे, मग तिच्या हातची तिखट सेव.

काका