गट मोडू नका, अभ्यासाची रीत बदला

प्रश्न : माझी मुलगी बार्शीत बारावी सायन्सला आहे, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप. पुढे मेडिकलच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा द्यायची आहे. बोर्डाच्या केमिस्ट्रीसाठी ती आणि वर्गातले तिघं, एक मैत्रीण आणि दोन मुलगे, दर रविवारी आमच्या घरी चार-पाच तास बसतात. १६ धडे त्यांनी आपसांत वाटून घेतलेत. प्रत्येकाने चार धड्यांच्या नोट्स काढायच्या आणि बाकीच्यांनी झेरॉक्स घ्यायची. तरी सराव परीक्षेत हिला ७० पैकी ३८ पडले. हिचे पप्पा म्हणतात, नुसत्या गप्पा चालतात, बंद कर. शिवाय जी मुलं उद्या नीटला हिच्याच स्पर्धेत उतरणार, त्यांना हिने नोट्स का द्यायच्या? मुलग्यांच्या येण्यावरून शेजारीही बोलतात. काय करावं?
– एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

गट मोडू नका. पण आज तो ज्या रीतीने चाललाय, ती रीत मात्र या रविवारपासून बदला.

३८ मार्कांचं कारण मला गप्पांपेक्षा त्या वाटणीत दिसतं. ज्या चार धड्यांच्या नोट्स मुलीने स्वतः काढल्या, ते तिला येत असणार. उरलेले बारा तिने दुसऱ्याच्या अक्षरात नुसते वाचलेत. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण कोऱ्या कागदावर लिहायची वेळ आली की हात अडतो. तिची उत्तरपत्रिका समोर घ्या आणि मार्क कोणकोणत्या धड्यांत गेले ते तिलाच काढायला सांगा. बोर्डाच्या पेपरात दोन, तीन आणि चार मार्कांच्या प्रश्नांना पर्याय असतात, म्हणून मुलांना वाटतं की काही धडे सोडून भागेल. पण सुरुवातीचे १० बहुपर्यायी आणि ८ एका वाक्याचे प्रश्न सगळेच सोडवायचे असतात. हे १८ मार्क कुठल्याही धड्यातून विचारले जातात.

म्हणजे धडा प्रत्येकाने स्वतः करायचा, आणि तोही रविवारच्या आधी. एकत्र बसायचं ते एकमेकांना विचारायला, समजावायला आणि तपासायला. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात उरी ट्राइसमन नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. मागे पडणारी बरीच मुलं कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करायची. कुठे चुकतंय हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. पुढे असणारी मुलं आधी एकट्याने गणितं सोडवायची आणि मग जमून उत्तरं ताडून बघायची. आधी एकट्याने, मग मिळून, हा क्रम मुलांच्या मनावर नीट बिंबवा.

ताडून बघण्याचा फायदा केमिस्ट्रीत किती आहे, ते एका गणितावरून सांगते. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल वापरावं लागतं. समजा हायड्रोजन आयनांची संहती ०.०३४२ मोलर दिली आहे आणि पीएच काढायचा आहे. टेबलात लॉग मिळतो बार २.५३४०. बार म्हणजे आकड्यावरची आडवी रेघ, ती फक्त त्या दोनवर असते, म्हणजे उणे दोन अधिक ०.५३४०. पीएच काढताना या लॉगचं चिन्ह उलटं करायचं, म्हणून पीएच येतो १.४६६. पण घाईत मुलं सगळ्यालाच उणे धरतात आणि पीएच २.५३४ लिहून मोकळी होतात. एकटी मुलगी ही चूक महिनाभर करत राहील, कारण बाकीच्या पायऱ्या बरोबर असतात आणि उत्तर दिसायलाही ठीक दिसतं. तेच गणित चौघांनी न बोलता आपापल्या वहीत सोडवलं आणि उत्तरं एकत्र मांडली, की तीन वह्यांत १.४६६ आणि एकीत २.५३४ असं लगेच समोर येतं. मग ज्याचं बरोबर आलं त्याने कारण सांगायचं. ‘टेबलात तसंच येतं’ एवढं सांगितलं तर ते कारण धरू नये.

ऑरगॅनिकमध्ये तर बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. ब्रोमोइथेनवर जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं की इथेनॉल मिळतं, अल्कोहोलिक टाकून तापवलं की इथीन. पाठ सगळ्यांचंच असतं. पण द्रावक बदलल्यावर उत्पादन का बदललं, हे मैत्रिणीला सांगायला गेलं की आपल्याला नेमकं कुठपर्यंत कळलंय ते उघडं पडतं. इनऑरगॅनिकला एवढा वेळ नको, शेवटची वीस मिनिटं एकमेकांना तोंडी प्रश्न विचारले तरी पुरे.

चार-पाच तासही नकोत. दोन तास बसू द्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मध्ये एकदा चहा द्या. थोड्या गप्पा होतीलच. बारावीच्या वर्षात मुलांना तेवढा मोकळेपणा मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. सोमवारी सकाळी मुलीने आदल्या दिवशीची दोन गणितं आणि दोन रिॲक्शन्स पुस्तक मिटून लिहाव्यात. हे तीन-चार आठवडे करूनही तिला लिहिता आलं नाही, तर मी स्वतः म्हणेन की गट थांबवा.

आता तिच्या पप्पांच्या शंकेबद्दल. त्यांची काळजी मी समजू शकते, पण हिशेब जुळत नाही. बोर्डात कुणाचे मार्क वाढले म्हणून हिचे कमी होत नाहीत. नीटला देशभरातून २० लाखांहून जास्त मुलं बसतात. त्यांतल्या तिघांपासून वह्या लपवून हिच्या रँकमध्ये काय फरक पडणार? उलट ७२० पैकी १८० मार्क केमिस्ट्रीचे आहेत आणि चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा होतो. अर्धवट कळलेली गोष्ट तिथे महागात पडते, आणि समजावून सांगणाऱ्याचं तेच अर्धवटपण आधी दूर होतं. पप्पांना एखाद्या रविवारी अर्धा तास जवळ बसायला सांगा. मुलं काय बोलतात ते त्यांना स्वतःच ऐकू दे.

शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका. मुलं तुमच्या घरी, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसाउजेडी बसतात. बाकीच्या तिघांच्याही घरच्यांशी एकदा फोनवर बोलून घ्या आणि वेळ ठरवून द्या. मुलग्यांचं येणं बंद केलंत तर आपल्यावर विश्वास नाही एवढंच मुलीला कळेल, आणि या वर्षी तिला तुमच्या विश्वासाची फार गरज आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण सांगायला हवी. प्रॅक्टिकलचे ३० मार्क वेगळे आहेत आणि ती परीक्षा लेखीच्या आधी होते. त्यातल्या व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची तयारी एकट्याने होतच नाही, समोर विचारणारं कोणीतरी लागतं. येत्या रविवारी एकाने परीक्षक व्हावं आणि पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनवर (थेंब थेंब द्रावण टाकून मोजण्याच्या प्रयोगावर) बाकीच्या तिघांना विचारावं. सल्फ्युरिक ॲसिडच का, हायड्रोक्लोरिक का चालत नाही? (परमँगनेट क्लोराइडचंच क्लोरीन करून टाकतं आणि रीडिंग जास्त येतं.) ऑक्झॅलिक ॲसिड तापवावं लागतं, मग मोहर सॉल्ट का तापवत नाहीत? याचं उत्तर मी मुद्दाम देत नाही. मुलांनी आपसांत काढावं, अडलं तर सोमवारी कॉलेजात सरांना विचारावं.