‘धड एक नोकरी केली नाही’

निवृत्तीच्या वयाची माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा तक्रार झोपेची असते, पोटाची असते, नाहीतर सुनेची. थोडी ओळख झाली की खरं दुखणं बाहेर येतं: जन्मभर राबलो, पण दाखवण्यासारखं काय आहे? एकाच खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेल्यांनाही हा प्रश्न पडतो. नोकऱ्या बदलत गेलेल्यांना तो जास्त टोचतो. वास्कोचे एक काका त्यांपैकी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काका मूळचे मिरजेकडचे मराठी ख्रिस्ती, विशीत गोव्यात आलेले. त्यांना मडगावला माझ्याकडे घेऊन आल्या त्या काकू. ‘‘रविवारी उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खुर्चीत बसून राहतात. उपासनेला चला म्हटलं की नको म्हणतात.’’ वर्षानुवर्षं चर्चच्या मंडळीचा जमाखर्च ठेवलेला, पेटी वाजवलेली हा माणूस. निमित्त छोटंच होतं. बंदरातून निवृत्त झालेल्या, त्यांच्याच वयाच्या एका गृहस्थांचा चर्चमध्ये शाल देऊन सत्कार झाला. त्या रात्री काकांनी बायकोला विचारलं, ‘‘माझा सत्कार करायचा तर कशाबद्दल करतील गं?’’

अशा वेळी घरचे घाईघाईने म्हणतात, ‘‘अहो, तुम्ही काय कमी केलंत का!’’ बोलणारा मोकळा होतो, ऐकणारा आणखी मिटतो. मी ते वाक्य टाळते.

आधी एक गोष्ट तपासावी लागते. उतारवयात माणूस मागे वळून बघतो, हा काही आजार नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं की म्हातारपणी आयुष्याचा असा आढावा घेणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, जगण्यात राम नाही असं बोलणं, हे सगळं एकत्र दिसलं तर नुसत्या गप्पांवर भागवू नये. थायरॉईड किंवा बी-१२ची कमतरताही असा चेहरा घेऊन येते. काकांना मी रक्त तपासायला लावलं आणि एकदा बांबोळीला मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवून घेतलं. औषधाची गरज नव्हती. (रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.)

मग एक मोठा कागद घेतला. वर्ष, काम, ते का संपलं, आणि त्या वर्षी घरात काय चाललं होतं, असे चार रकाने. काकांनी हिशेबनिसाच्या अक्षरात भरून आणला: खनिज वाहणाऱ्या बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर) खलाशी, मग कारखान्यात, मग लॉजवर, मग कुवेत, परत आल्यावर खाणीच्या ट्रकांच्या ट्रिपा नोंदवणारा कारकून, शेवटी एका शाळेवर वॉचमन. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच शेरा: ‘टिकलो नाही’.

बार्जच्या ओळीवर मी थांबले, कारण मला खरंच ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात काय करायचात? काका खुर्चीत पुढे सरकले. आग्वादजवळ मांडवी नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध येतो, त्यामुळे पावसाळ्यात तिथून समुद्रात बाहेर पडता येत नाही. मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारी नदीत काढायची आणि मुरगाव बंदर गाठायचं. भरती बघून निघायचं, काठ दोन्हीकडून जवळ, सुकाणूवाल्याला पुढून ओरडून सांगायचं. हाताने ते वळण दाखवताना त्यांनी टेबलावरचा पेनस्टँड पाडला.

त्यानंतर तिसरा रकाना आम्ही पुन्हा भरला, या वेळी एकच प्रश्न धरून: हा निर्णय कोणाचा? कुवेत १९९० साली संपलं, कारण ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं. हजारो भारतीयांबरोबर काकाही एक बॅग घेऊन परतले. ट्रिपांचं काम २०१२ मध्ये संपलं, कारण त्या वर्षी गोव्यातल्या खाणीच बंद झाल्या. ट्रकवाला, गॅरेजवाला, खानावळवाला, सगळेच घरी बसले. लॉज मालकाने विकला. यातलं एकही काकांच्या टिकण्या-न टिकण्यावर नव्हतं.

कारखान्याचं मात्र वेगळं. तिथे सुपरवायझरशी भांडून ते रागाच्या भरात बाहेर पडले होते, आणि पुढचं वर्ष काकूंनी शिवणकामावर घर चालवलं. ती ओळ मी सौम्य करायला गेले नाही. काकांनी ती चूक काकूंसमोर प्रथमच मोठ्याने वाचली. ‘‘मला काय आत्ता कळलं?’’ एवढंच काकू म्हणाल्या.

एक गाठ माझ्या हातची नव्हती. धन्याने दिलेलं धन न वापरता जमिनीत पुरून ठेवणाऱ्या निकामी दासाचा बायबलमधला दाखला (बोधकथा) काकांच्या डोक्यात बसला होता. तो दास म्हणजे आपणच, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. मी हिंदू, शास्त्राचा अर्थ लावणं माझं काम नव्हे. म्हटलं, हे तुमच्या चर्चच्या पाळकांशी बोला. पाळकांनी त्यांना मत्तयच्याच शुभवर्तमानातला, २०व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला वाचायला दिला. दिवस कलेपर्यंत बाजारात उभ्या राहिलेल्या मजुरांना धनी विचारतो, रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही म्हणून. ‘‘मॅडम, हे मी शंभरदा वाचलंय,’’ काका म्हणाले, ‘‘पण त्यांचं उत्तर काय होतं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.’’

आता ते उपासनेला जातात. पेटीवर हल्ली एक तरुण बसतो आणि तो घाई करतो, अशी नवी तक्रार आहे.

राहता राहिला पैसा. अशा दुःखात तो असतोच, आणि आम्ही समुपदेशक तो विषय फार लवकर सोडतो. तुकड्यातुकड्यांच्या नोकरीला पेन्शन नसते असं काका धरून चालले होते. ट्रिपांच्या कामात दोन मालक झाले, दोन्हीकडे पीएफ कापला जात होता. १९९५च्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा भरली की वयाच्या ५८व्या वर्षापासून पेन्शन मिळते, आणि मधे पैसे काढून घेतले नसतील तर वेगवेगळ्या मालकांकडची वर्षं जोडता येतात. रक्कम मोठी नसेल. योजनेतली किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. सध्या त्यांची मुलगी जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधते आहे. पहिल्या मालकाचं ऑफिस कधीच बंद झालंय, त्यामुळे पीएफ कार्यालयात खेपा घालाव्या लागणार.