स्टॅम्प संपला, मुक्काम नाही

गुहागरकडच्या एक वहिनी घरी आल्या आणि फोनमधला मुलाच्या पासपोर्टचा फोटो दाखवत म्हणाल्या, "मॅडम, व्हिसाची तारीख गेली. आता पोलीस धरतील का हो त्याला?" (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मुलगा अमेरिकेत पीएच.डी. करतोय, सहावं वर्ष. पासपोर्टवरचा पाच वर्षांचा एफ-१ स्टॅम्प, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, गेल्या महिन्यात संपला.

मी त्यांना दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं सांगितलं. तिकीट खाडी ओलांडायला लागतं. पलीकडे पाहुण्यांकडे किती दिवस राहायचं ते तिकिटावर नसतं. स्टॅम्प देशात शिरण्यापुरता. राहणं चालतं ते आय-२० (विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) चालू आहे आणि तो नियमाने शिकतोय म्हणून. वहिनींनी पहिल्यांदा चहाचा कप उचलला.

रात्री मुलगा व्हिडिओ कॉलवर आला. त्याला हे सगळं ठाऊक होतं. त्याचा बेत मेक्सिकोत जाऊन स्टॅम्प घ्यायचा. अमेरिकेत राहून एफ-१चा नवा स्टॅम्प मिळत नाही, म्हणून पूर्वी बरेच जण तसं करत. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं, अर्ज आपल्या देशात किंवा जिथे राहता त्या देशात करा. त्यात आणखी एक गोम आहे. मेक्सिको-कॅनडाहून ३० दिवसांच्या आत परतताना एरवी संपलेला स्टॅम्प आणि चालू आय-९४ (अमेरिकेत प्रवेश दिल्याची नोंद) यांवर आत घेतात; तिथे नव्या व्हिसाचा अर्ज केला की ती सवलत गेली.

"मग सरळ घरी ये की, शिमगा आलाय," मी म्हटलं.

तो गप्प. मग म्हणाला, "आणि मुंबईत नाकारलं तर? पालखी दारात असताना सगळे विचारणार, परत कधी जाणार?"

म्हणजे मेक्सिकोत नकार आला तर वाडीला दिसणार नव्हता, एवढंच!

नकार येणार नाही, असं मी म्हटलं नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला रागच येतो. दोन महिने अडकलास तर काय, तेवढं लिहून काढायला लावलं: प्रयोगशाळेचं काम कोण बघेल, खोलीचं भाडं, गाइडशी आधीच बोलणं. लिहिता लिहिता त्याने आय-२० उघडली. परत आत शिरताना तिच्यावर विद्यापीठाची प्रवासाची सही वर्षाच्या आतली लागते. त्याची दीड वर्षापूर्वीची निघाली.

आठ दिवसांनी मेसेज आला. सही झाली, गाइडशी बोललो, मुंबईची तारीख बघतोय. खाली आणखी एक ओळ: "आईला एवढ्यात सांगू नका, सगळ्या वाडीला कळेल."