गोव्यात राहून परदेशी विद्यापीठाची तयारी करताना रोजचा दिवस कसा जातो? पोर्तुगीज पासपोर्टमुळे तिथल्या मुलांना सोपंच जात असेल ना?

प्रश्नाचा दुसरा भाग नसता तर मी लिहायला बसलो नसतो. 'सोपंच जात असेल ना' म्हणे!

पहिला भाग आधी उरकतो. मी फोंड्याचा. फर्मागुडीला इंजिनिअरिंग केलं, वेर्ण्याला नोकरी धरली आणि २०२३ च्या हिवाळी सत्राला मास्टर्ससाठी जर्मनीत आलो. त्याआधीचं वर्ष म्हणजे पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आत उठून तासभर जर्मन. मग कंपनीच्या बसमध्ये पुन्हा तेच, पुटपुटत. शेजारचा सहकारी शेवटी सीट बदलून बसायला लागला. संध्याकाळी ऑनलाइन क्लास, आणि पावसाळा असेल तर क्लास रंगात आला की वीज जाणार. शनिवारी पणजीला पाट्टोची सेंट्रल लायब्ररी: कदंब स्टँडपासून चालत जाता येतं आणि तिथे 'नोकरी चांगली आहे की, मग कशाला?' असं कोणी विचारत नाही. भाषेची परीक्षा पुण्याला, मॅक्स म्युलर भवनात. रात्रीच्या बसने जायचं, सकाळी तोंड धुऊन पेपरला बसायचं. झाला दिवस.

आता पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, ही गोष्ट खरी. ते घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं, हे मात्र सांगणारे हळू आवाजात सांगतात.

आमचे आजोबा १९५५ मध्ये आग्वादच्या तुरुंगात होते, पोर्तुगीजांविरुद्ध सत्याग्रह केला म्हणून. ते गेल्यावर, २०१६ मध्ये, माझ्या काकाने त्यांचाच जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवून घेतला. मग स्वतःचा, मग मुलाचा. चुलतभाऊ इंग्लंडला, स्विंडनला गेला, गोदामात लागला. बाबा आणि काका त्यानंतर फक्त चवथीला बोलायचे.

२०२२ ची चवथ. बाबा स्टुलावर चढून गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधत होते, काका खालून सुपारीचे घड देत होता. मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेलो. काका म्हणाला, "कित्याक इतले त्रास काडटा रे? पासपोर्ट कर आनी वच. आजोबांचं झालंय, आता तुझ्या बापाने सही केली की बस." बाबांनी हातातला घड परत खाली दिला, उतरले आणि म्हणाले, "ज्यांनी त्यांना आत टाकलं, त्यांच्याच वहीत तू त्यांचं नाव घातलंस." त्या वर्षी माटोळी आईने आणि मी पूर्ण केली.

मी अर्थात बाबांच्या बाजूने. छाती पुढे काढून. पुढच्या दोनच महिन्यांत, नोव्हेंबरपासून, भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला) सक्तीचं झालं: १८,००० रुपये आणि कागदांचा गठ्ठा दिल्लीला. शिवाय ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,२०८ युरो आधीच भरून दाखवायचे (२०२४ मध्ये ते ११,९०४ झाले). म्हणजे दहा लाखांच्या आसपास. बाबांचं किराणा दुकान. कर्जाशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तारण म्हणून होती फक्त आजोबांची जमीन.

बँकेत जमिनीचा एक-चौदाचा उतारा (आमच्याकडचा सात-बारा) ठेवला. त्यावर आजोबांचं आडनाव गांवकर, पण 'सी'ने. पोर्तुगीज अमदानीतली बहुतेक नावं तशीच, त्यांच्या मुळाक्षरांत 'के' नव्हताच. बाबांच्या आधारवर 'के'. साहेब म्हणाले, "हे दोघे बाप-लेक कशावरून?" मग बाबांचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, नोटरी, पुन्हा बँक, पुन्हा नोटरी. सहा आठवडे गेले. अर्जाची १५ जुलै डोक्यावर, बाहेर धो धो पाऊस, आणि मी जर्मनऐवजी आडनावाची स्पेलिंगं पाठ करतोय.

शेवटी आई कोणाला न सांगता म्हापशाला काकाकडे गेली. लिस्बनसाठी त्याने केलेल्या फाइलमध्ये सगळं होतं: आजोबांच्या जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदीच्या प्रती, आणि 'सी'वाले व 'के'वाले एकच कुटुंब असल्याचं प्रतिज्ञापत्र. बँकेने ते पाहिलं आणि चार दिवसांत काम झालं. काकाने फाइल देताना एक शब्द काढला नाही म्हणे. तेव्हापासून मात्र दर चवथीला काढतो.

तरीही काका, तू हे वाचत असशील तर सांगतो: तुझी फाइल कामाला आली, पासपोर्ट नाही. आणि इंग्लंडचं म्हणशील तर २०२१ पासून नवीन पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला तिथे ना सरळ नोकरी, ना स्थानिक फी. ते दार बंद झालंय.

जर्मनीत मात्र युरोपीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, ब्लॉक अकाउंटही नाही. ते काकाचं बरोबरच होतं. ज्यांच्या घरी पासपोर्ट आधीच आहे त्यांनी माझं ऐकून तो कपाटात ठेवू नये. कर्ज हवं असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी योजना आधी बघा. मला ती उशिरा कळली. आणि नोकरी न करता तयारी करणार असाल तर तुमचा दिवस माझ्यासारखा जाणार नाही, हेही खरं. पण गोव्याचे असाल तर पुस्तक उघडायच्या आधी घरातल्या सगळ्यांच्या कागदांवरची आडनावं एकाखाली एक लिहून काढा.

माझी धाकटी बहीण यंदा बारावीत आहे. काकाने तिच्यासाठी फॉर्म आणून ठेवलाय. आई सांगत होती, बाबांनी तो पाहिला आणि काहीच बोलले नाहीत.